आवाज तर तुझाच आहे ना

नाई नाई मॅडम, ते 'प्रेरणादायी प्रवास' वगैरे तुमच्याजवळच ठेवा, मले दाखवू नका. तो शब्द वाचला का मले पित्त होते. तुमी पुण्याहून एवढ्या दूर गोंदियाले आल्या, एवढ्या उन्हात, म्हून बसा म्हणलो — नाई तर त्या कंपनीच्या नावानं मी कोणाशी बोलत नाई. बसा. ते स्टूल नका घेऊ, त्याले शाई लागली आहे, खुर्ची घ्या. मशीनचा आवाज होईलच, त्याले इलाज नाई. फ्लेक्सचं दुकान आहे, मधातच मशीन बंद केली का छपाईत पट्टा येते. तर काय लिहून राहिल्या तुमी — छोट्या शहरातले दहा मोठे स्टार्टअप? आन् त्याच्यात आपला हिमांशू कितवा? चौथा! वा. बाकीचे नऊ बी असेच असतील तर देशाचं कल्याण झालंच समजा.

काय लिहिलं आहे तुमच्या कागदावर, वाचा बरं एकदा — 'हिमांशू बिसेन यांनी एकट्याने, वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर'. एकट्यानं! पोट्टा नागपूरले इंजिनिअर झाला, लॉकडाऊनमधी नोकरी गेली, घरी बसून राहिला होता. लॅपटॉप त्याचा, हे खरं. मिस कॉलची आयडिया बी त्याचीच, ते मी नाकबूल करत नाई. पण बातमी कशाले म्हणतात हे त्याले कोणी शिकवलं? मी. रत्नपाल गजभिये. बावीस वर्षं पेपरचा तालुका वार्ताहर होतो मी, कामठ्याच्या घरून सायकलीनं निघायचो, आन् कोणत्या गावात कोण खरं बोलते आन् कोण फेकते हे मले तोंडपाठ होतं. त्या पोराले बांधी म्हणजे धानाचं शेत एवढं बी माहीत नव्हतं. त्याले वाटे बांधी म्हणजे बांधलेली काहीतरी वस्तू. हसा, हसा. असा माणूस आज शेतकऱ्यायच्या प्रश्नावर भाषण देते, कोट घालून. गोंदियाच्या मे महिन्यात कोट!

'हाक' काय होती ते सांगतो, कारण तुमच्या कागदावर ते कुठंच नाई. एक नंबर होता. त्याच्यावर मिस कॉल द्यायचा. मशीन तुमाले परत फोन करे. एक दाबा — तुमच्या भागातल्या आजच्या हाका ऐका. दोन दाबा — तुमची हाक टाका. बस. वाचता येत नसल तरी चाले, साधा बटनाचा फोन असल तरी चाले. रेशन कुठं आलं, कोणता रस्ता बंद, कोणाची म्हैस हरवली, कोण वारलं. सगळ्या हाका पहिले माझ्याकडं येत. मी ऐकायचो, खरं-खोटं करायचो, दोन ठिकाणी फोन लावून विचारायचो, आन् मग सोडायचो. माझ्या बोटाशिवाय एक हाक बाहेर जात नव्हती. अडीच वर्षांत दोन लाखाच्या वर माणसं रोज सकाळी ऐकायले लागली. पेपर तरी वाचतात का एवढी?

आन् चौदा बाया होत्या. प्रत्येक भागात एक, हाक टाकणारी. त्यातली दुर्गा — दुर्गा राऊत — इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या पार शेवटच्या गावची. विड्या वळते. शाळा चौथीपर्यंत. तिची पहिली हाक आजही लोकं सांगतात — "पानी सुटला होऽऽ! इटियाडोहचा पानी सुटला, तिसऱ्या मोरीवर आला, झोपले असान तं उठा!" आन् शेवटी हसली. असं खुदकन, लहान पोरीवानी. ते हसणं तिची खूण झाली. मोठी बातमी असो का बारीक, दुर्गा शेवटी हसणारच. लोकं म्हणत, दुर्गाबाई हसली म्हणजे बातमी पक्की. फक्त मरणाची हाक असली का हसत नव्हती. तवा नुसती थांबे, एक श्वास घे आन् ठेवून दे.

आन् श्यामलाल होता एक. हमाल. पोती उचलणारा. तो बातमी देत नव्हता खरं म्हणजे, तो 'हाक'शी गप्पा मारे. पहिले खाकरे, मग म्हणे, "हॅलो, मी श्यामलाल बोलून राहिलो, आवाज येऊन राहिला का?" आन् थांबे! उत्तराची वाट पाहे! अरे बाबा, हे रेकॉर्डिंग आहे, तुले कोण उत्तर देईल? म्या दहादा सांगतलं असल. तरी पुढच्या रविवारी तेच — "आवाज येऊन राहिला का?" आमी ऑफिसात ते लावून लावून हसत होतो. मूर्ख माणूस. पण एक आहे, सकाळी कामावर निघण्याच्या आधी 'हाक' ऐकल्याशिवाय तो घराबाहेर पाय टाकत नव्हता. फोन कानाले लावूनच दात घासे. हे त्याच्या बायकोनं सांगतलं मले. नंतर.

चहा घेता? नाई? बरं.

मग तेवीस साली सप्तसेतू आली. बंगळुरूची कंपनी — मोबाईलवरून धान खरेदी करते, खत विकते, विमा विकते. त्यायले बातमीशी काय करायचं होतं? काहीच नाई. त्यायले कान पायजे होते. दोन लाख कान आयते तयार, आन् त्या कानायचा ज्याच्यावर विश्वास बसला ते तोंड बी तयार. ते विकत घेतलं का झालं. पहिले म्हणले, चौथाई हिस्सा द्या, आमी फक्त मदत करतो. मग अर्धा. मग एक दिवस हिमांशू येऊन म्हणते, "काका, आता सगळं त्यायचं आहे, पण काहीच बदलणार नाई." म्हणलो, बरं. दुपारी बाहेर पाहतो तर पाटी बदलून राहिली होती. जुनी पाटी गटाराच्या झाकणावर पडली होती, त्याच्यावर उभं राहून एक जण नवीन ठोकत होता.

आन् दुसऱ्या दिवशी पेपर! 'गोंदियाच्या सुपुत्राची गरुडभरारी'. चार पेपरात एकाच दिवशी, एकाच शब्दात — स्वल्पविराम सुद्धा त्याच जागी. हे तुमच्या धंद्यातले लोकं, मॅडम! एकानं तरी विचारावं ना, बाबा रे, धान घेणारी कंपनीच जर बातमी बी विकत घेत असल, तर धानाबद्दलची बातमी कोण देईल? नाई विचारलं. पानभर जाहिरात होती ना बाजूले. हातात आयता मजकूर आला, टाकला छापून. कोणी लिहिला होता? — आता कोणी लिहिला ते काय घेऊन बसल्या. भाषा चांगली होती. 'गरुडभरारी' हा शब्द जरा जास्त झाला, ते मले तवाच — जाऊ द्या.

मग हॉलमधी मोठा कार्यक्रम घेतला. चौदाही बायायचा सत्कार. शाल, स्टीलचा डबा, सन्मानपत्र, आन् एका टॅबवर सही. सोळा पानं होती, सगळी इंग्रजीत. दुर्गा माझ्याकडं आली, हळूच म्हणते, "भाऊ, याच्यात का लिवलं आहे?" म्हणलो, काही नाई, नेहमीचं असते, कर सही. तिनं केली. तिच्या मागं तेरा जणींनी केली. आता तुमी असं पाहून राहिल्या माझ्याकडं — म्या वाचलं होतं का? पहिली दोन पानं वाचली होती. कोण वाचते सोळा पानं? तुमी वाचता का फोनमधी 'मान्य आहे' दाबण्याच्या आधी? अकराव्या पानावर होतं. तिचा आवाज कंपनीचा, कुठंही, कसाही वापरायचा, कायमचा. आवाज! कोणाचा आवाज विकत घेता येते हे मले तरी काय माहीत.

तवापासून मले नाव भेटलं — 'कंटेंट प्रमुख, पूर्व विदर्भ'. कार्ड छापलं. आन् पुण्याहून एक स्नेहल मॅडम आली, माझ्या डोक्यावर. तिशीची पोरगी, धानाचं रोप आन् गवत यातला फरक कळत नाई, ती मले बातमी शिकवे! "सर, नकारात्मक कंटेंटनी लोक दूर जातात. सर, थोडं पॉझिटिव्ह ठेवू या." ज्या हाका तिले आवडत नव्हत्या त्यायच्यासाठी एक कप्पा केला होता कॉम्प्युटरवर. नाव काय, तर 'पडताळणी'. तिथं गेलेली हाक खोटी आहे असं कोणीच म्हणत नव्हतं. फक्त ती तिथं राहे. रस्त्याच्या खड्ड्याची हाक — पडताळणी. सप्तसेतूच्या काट्यावर पोतं हलकं भरते अशी हाक — पडताळणी. महिन्याभरात सकाळच्या हाकायमधी उरलं काय? हवामान, भजनाचे कार्यक्रम, आन् सप्तसेतूचं खत. लोकं तरी ऐकत होते! हे लोकं बी ना — तुमी त्यायले भुसा द्या, दोन महिन्यांनी म्हणतील, चव चांगली आहे.

हो, गोदामाचं सांगतो. त्याच्यासाठीच आल्या ना तुमी? स्टार्टअप-बिर्टअप बहाणा आहे, मले समजते. नाई? बरं नाई तर नाई.

गेल्या वर्षी मार्चमधी. त्यायनं तिकडं एक मोठं गोदाम बांधलं आहे, धानाचं. धानाले कीड लागू नये म्हून पोत्यायच्या थप्प्या ताडपत्रीनं झाकतात आन् खाली गोळ्या ठेवतात. त्या गोळ्यायची गॅस होते, जहरी. सात दिवस सगळं बंद ठेवा, मग दारं उघडा, हवा खेळू द्या, मग माणूस आत पाठवा. हे हमालाले बी माहीत असते. पण वरून ऑर्डर आली होती, गाड्या भरायच्या होत्या, चौथ्याच दिवशी ताडपत्र्या ओढल्या. मंगळवारी सकाळी तीन हमाल ओकाऱ्या करत बाहेर आले. दुर्गाचा दीर होता त्यातला एक. ती दवाखान्यात गेली, तिघायलेही विचारलं, डॉक्टरले विचारलं, आन् मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं हाक टाकली. दोन वाजून दहा मिनिटं. माझ्यासमोर स्क्रीनवर होतं.

"ऐका हो, गोदामात कोनी जाऊ नोका. पोत्यायखाली जहर आहे, तीन मानसं दवाखान्यात आहेत, म्या सोता पाह्यलं. उद्या कामावर बलावतीन, तं जाऊ नोका." आन् हसली नाई.

मी लगेच स्नेहल मॅडमले फोन लावला. हो, लगेच लावला! ती म्हणे, "सर, पडताळणीत टाका, मी वर विचारते." मी म्हणलो, मॅडम, दुर्गा खोटं बोलत नाई. ती म्हणे, "सर, खोटं नाही म्हणत आहे मी, फक्त थांबा म्हणते." फक्त थांबा! आता तुमीच सांगा, माझी काय चूक? माझ्या जागी तुमी असत्या तर काय केलं असतं? सोडली असती हाक? — हो म्हणणं सोपं आहे इथं खुर्चीवर बसून. बटण माझ्याजवळच होतं म्हणता? होतं ना. बटण होतं. पण बटण असणं आन्... मी संध्याकाळी तिले परत फोन केला. तिनं उचलला नाई. मग मी घरी गेलो. जेवलो. आता माणूस जेवणार बी नाई का?

बुधवारी सकाळी श्यामलालनं 'हाक' ऐकली. हवामान होतं त्या दिवशी, आन् कुठल्याशा गावची कबड्डी. ऐकून तो गोदामात गेला. दुपारी त्याले गोंदियाच्या दवाखान्यात आणलं, आन् शुक्रवारी पहाटे —

होय. वारला.

त्याची बायको नंदाबाई. तेराव्या दिवसाच्या आधीच आली ऑफिसात, माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बस म्हणलो तर बसली नाई. म्हणते, "भाऊ, दुर्गाबाईनं हाक टाकली होती म्हन्तेत. आमाले काऊन आली नाई? ते तं रोज आयकत होते." रडत नव्हती. भांडत बी नव्हती. तिले खरंच जाणून घ्यायचं होतं, जसं आपण विचारतो ना, बाई, आज गाडी काऊन उशिरा आली. मी म्हणलो — नेटवर्क नव्हतं, बाई. त्या दिवशी तुमच्या भागात नेटवर्क नव्हतं. ती म्हणते, "अच्छा. नेटवर्क नोहता." आन् मान हलवली, आन् गेली. विश्वास बसला तिचा. एवढ्या लवकर विश्वास ठेवतात हे लोकं! मले तर तिचाच राग आला. विचार ना अजून, एक सवाल तरी विचार!

पेपरात आलं — चार ओळी. 'मजुराचा हृदयविकाराने मृत्यू'. पाचवं पान, खाली, कोपऱ्यात. आन् पहिल्या पानावर सप्तसेतूची जाहिरात, हसणारा शेतकरी, दात असे पांढरे का तो आमच्या जिल्ह्यातला असूच शकत नाई.

पण खरी गोष्ट तर पुढं आहे. तुमच्या त्या दहा स्टार्टअपमधी हे टाका, हिंमत असल तर. गावागावात कुजबुज सुरू झाली, हमाल गोदामात जायले तयार होईनात. मग स्नेहल मॅडमनं एक मीटिंग घेतली. म्हणते, लोकांना ज्या आवाजावर भरवसा आहे त्याच आवाजात समजावलं पाहिजे. दुर्गा तर बोलणारच नव्हती. तर दुर्गाची गरज काय? चार वर्षांच्या हाका होत्या तिच्या, हजारो. त्या मशीनले पाजल्या. मशीन तिच्यासारखं बोलायले लागलं. हो, हुबेहूब! मी सोता ऐकलं, अंगावर काटा आला. पहिल्या खेपेले फक्त एकच गडबड झाली, मशीन 'पाणी' म्हणे, 'ण' लावून, शाळेतल्या मास्तरणीवानी. दुर्गा जन्मात कधी 'ण' म्हणाली नाई. मग मी म्हणलो, 'पानी' लिहा, 'नोका' लिहा, 'म्या सोता पाह्यलं' असं —

नाई, म्हणजे — मशीनले आवाज येते, बोली कुठं येते? बोली कोणीतरी लिहून द्यावी लागते. स्नेहल मॅडमले काय झाडीची बोली येते? हिमांशूले? तो तर आता घरी बी इंग्रजी बोलते. मजकूर त्यायचाच होता. मी फक्त भाषा सुधारली. बावीस वर्षं तेच काम केलं ना मी, दुसऱ्याची भाषा सुधारायची. त्याच्यात मी नवीन काय केलं? ते लिहून घेऊ नका. पेन खाली ठेवा. ठेवा म्हणलो ना.

चाळीस गावांत एकाच सकाळी गेली ती हाक. "ऐका हो, मी दुर्गा. गोदामाच्या अफवायवर ध्यान देऊ नोका. म्या सोता जाऊन पाह्यलं, सगळा बराबर आहे. श्यामलालभाऊचा हार्ट बंद पडला, त्यायले शरदांजली." आन् मग — आता हे कोणी लिहिलं नव्हतं, देवाशप्पथ, हे कोणीच लिहिलं नव्हतं — शेवटी ते मशीन हसलं. खुदकन. मरणाच्या चार-दोन सोडल्या तर तिच्या सगळ्या हाकायच्या शेवटी हसणं होतं ना, मशीन तेच शिकलं. त्याले काय कळते कुठं हसायचं आन् कुठं नाई. 'शरदांजली' म्हणून हसलं.

नंदाबाईनं ते ऐकलं. तिच्याच घरात, नवऱ्याच्याच फोनवर.

दुर्गाले माहीतच नव्हतं काही. ती विड्या घेऊन निघाली होती, बाया तोंड फिरवून राहिल्या. पानठेल्यावर एकानं फोन लावून ऐकवलं तिले — तिनं आपलाच आवाज उभ्या उभ्या ऐकला. ती म्हणे, "हा मी नोहो." पानठेलेवाला म्हणते, "आवाज तं तुझाच आहे ना." ती तशीच नंदाबाईच्या घरी गेली, दारात उभी राहिली, म्हणाली, "नंदा, मी नाई हसलो वो." नंदाबाईनं दार लावून घेतलं. गावाच्या बायायनं पाणी भरताना तिच्यासंग बोलणं बंद केलं. कंपनीनं दुर्गाबाईले किती दिले, हाच विषय. म्हणजे पाहा, कंपनीवर त्यायचा राग नाई! पेपरवर नाई, हिमांशूवर नाई! राग कोणावर, तर विड्या वळणाऱ्या बाईवर.

मग ती आली माझ्याकडं. बस बदलून, डोक्यावर ऊन घेऊन. मले म्हणाली, "भाऊ, मशीन असा बोलू शकते का?" म्हणलो, शकते. "मंग 'शरदांजली' कोनं शिकवला त्याले? मी तसा म्हनतो हे कोनाले मालूम?" ती माझ्याकडं पाहत राहिली. मग टेबलावर तिनं तो स्टीलचा डबा ठेवला, सत्कारातला, आन् गेली. मले वाटलं होतं शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच्यानंतर मी राजीनामा दिला. फेकला तोंडावर. — कोणी सांगतलं तुमाले? हिमांशूनं? अच्छा, 'कपात' म्हणते का तो त्याले! काढलं म्हणा ना मग सीधं. हो, काढलं. मशीन बोली बी शिकलं ना तवर, माझ्याच सुधारलेल्या मजकुरातून. म्हणजे माझी गरज संपली. पण काढलं नसतं तर मी दिलाच असता राजीनामा. दिलाच असता. आठ-दहा दिवसात.

काय पाहून राहिल्या तुमी मशीनकडं? ते — हो. सप्तसेतूचंच आहे ते फ्लेक्स. 'सुरक्षित गोदाम, समाधानी शेतकरी'. मग काय झालं? छापतो मी. जिल्ह्यातले सगळे फ्लेक्स माझ्याकडंच येतात त्यायचे, हिमांशूनं लावून दिलं, पाय पडायले आला होता पोट्टा, काका काका करत. उद्या तुमचा पेपर बी छापल त्यायची जाहिरात. फ्लेक्स म्हणजे फ्लेक्स, कापडावर शाई. मी कोणाचा आवाज काढून राहिलो नाई ना आता.

नाव? माझं नाव टाकायचं? नाई. बिलकुल नाई. 'एक माजी कर्मचारी' लिहा. तेही नको, लगेच समजते, कर्मचारी होतेच किती. 'सूत्र' लिहा. काऊन म्हणजे? मले इथंच जगायचं आहे मॅडम, तुमी संध्याकाळच्या गाडीनं जाल.

दुर्गाले भेटून आल्या तुमी? कवा — काल? आधी सांगतलं नाई. अन् तिनं नाव दिलं? पूर्ण नाव? फोटो बी? डोकं फिरलं त्या बाईचं. कोणाशी लढून राहिली ती, काही अंदाज आहे का? वकील केला म्हणता. बरं. आन् नंदाबाई? ... नंदाबाई तिच्यासंग आहे? अर्जावर दोघींची सही? म्हणजे दार उघडलं तिनं. — हं. कवा उघडलं? नाई, असंच विचारलं. चांगलं झालं. पण कोर्टात ते टिकणार नाई, लिहून ठेवा. कंपनी म्हणल, अशी कोणती हाक आलीच नव्हती. पडताळणीचा कप्पा त्यायनं कवाच साफ केला. कागद नाई, पुरावा नाई. मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती बाई बोलली याचा पुरावा कोणाजवळ आहे? आवाज तर इतका साफ आहे त्याच्यात, मागं दवाखान्याचा पंखा बी ऐकू येते, एक पोरगं रडते, आन् शेवटी ती थांबते ना, एक श्वास घेते —

काय? नाई. 'आहे' म्हणलो का मी? 'होता' म्हणलो. साफ होता. तवाचं सांगून राहिलो. आठवणीतलं. माझ्याजवळ कुठून येईल? कंपनीची मालमत्ता आहे ती, घरी नेणं गुन्हा आहे. माझ्याजवळ काही नाई. ड्रॉवरकडं कायले पाहता? ड्रॉवरमधी बिलबुकं आहेत. मी काय वेडा आहे का ते ठेवायले, आन् ठेवून ऐकत बसायले?

हे पाहा, बंद करा ते. तो फोन बंद करा. दाखवा, बंद झाला का. तुमची चूक नाई, माझीच चूक, बसा म्हणलो. वकिलाचा नंबर नको मले. टेबलावर ठेवू नका, उचला ते कार्ड. उचला म्हणून राहिलो ना! — राहू द्या मग. तिथंच राहू द्या. नंतर फेकीन मी.

जा आता. ऑटो समोरच भेटते, स्टेशनचे वीस रुपये सांगते, दहा द्या. अन् जाताना ते दार ओढून घ्या. नाई — पूर्ण. पूर्ण ओढा.